रविवारची अट

मास्तरांच्या हातात नवी वस्तू आली की ते आधी ती उलटून बघायचे. कोट असो, कप असो नाहीतर माणूस, आतलं अस्तर कसं आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कोटांच्या बाबतीत या सवयीचा त्यांना फार उपयोग झाला. माणसांच्या बाबतीत काय झालं, तेच सांगायचं आहे.

मास्तर म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत कपडे अल्टर करणारे टेलरमास्तर. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट पोटावर सैल कर, आणि गिऱ्हाईक ‘कपडाच आटला’ म्हणालं की गंभीर चेहऱ्याने मान हलव, हे त्यांचं आठवडाभराचं काम. रविवारी दुपारी मात्र स्टेशनामागच्या हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, चहाच्या टेबलांनी भरलेल्या हॉलमध्ये, हेच मास्तर बाईसाहेब होऊन स्टेजवर यायचे. कमरेला स्पंजच्या गाद्या, त्यावर एकावर एक चढवलेले लांब मोजे, त्यावर स्वतः शिवलेला हिरवा झगा आणि डोक्यावर खांद्याखाली येणारा तांबूस विग. बाईसाहेब गाण्यांवर ओठ हलवायच्या, मधूनमधून लोकांची फिरकी घ्यायच्या, आणि लोक हसून हसून चहा सांडायचे. ताई, म्हणजे मास्तरांची मोठी बहीण, याला ‘तुझं ते सोंग’ म्हणायची आणि पुढच्या टेबलावर बसून सगळ्यांत मोठ्याने हसायची. दोघं भावंडं दोन खोल्यांत राहत होती. ताई दवाखान्यात नंबर लावायच्या कामाला होती, त्यामुळे माणसांना गप्प बसवणं तिला चांगलं जमायचं. भावाचं मन मात्र तिला कधी गप्प करता आलं नाही.

मास्तरांच्या मते त्यांच्यावर प्रेम करणारे पुरुष दोनच जातींचे असतात. एक बाईसाहेबांवर भाळलेले आणि दुसरे मास्तरांवर. पहिल्या जातीचा नमुना म्हणजे विम्याचा एजंट. त्याने शोनंतर फुलं पाठवली, गाडीतून फिरवलं, पण विग उतरला की त्याचा चेहराही उतरायचा. एकदा तो लाजत लाजत म्हणाला, “डोक्यावरचं तेवढं राहू दे ना.” मास्तरांनी त्याच्या हातात विगच दिला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या जातीचा नमुना गणिताचा शिक्षक. तो चांगला होता, मास्तरांसाठी डबा आणायचा, ताईशी आदराने बोलायचा. फक्त दर महिन्याला एकदा म्हणायचा, “ते रविवारचं तेवढं सोडलंस तर आपलं किती छान होईल.” मास्तरांनी रविवार सोडला नाही, शिक्षक सोडला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मास्तर कान टवकारायचे. हा कुणासाठी आलाय, तिच्यासाठी की माझ्यासाठी?

लिफ्टवाला या दोन्हींत बसेना, आणि कुठेतरी पाणी मुरतंय याचा मास्तरांना तोच मोठा पुरावा वाटायचा.

ओळख झाली तीही लिफ्टमुळेच. हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत पूर्ण नटलेल्या बाईसाहेब. दुरुस्तीला आलेला माणूस वरून दार फाकवेपर्यंत बाईसाहेबांनी हॉटेलचा, लिफ्टचा आणि त्या माणसाच्या घराण्याचा मनसोक्त उद्धार केला. त्याने हात दिला, वर ओढलं, झगा कुठे अडकणार नाही हे बघितलं आणि हत्यारं गोळा करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस फाटक्या खिशाचा गणवेश घेऊन दुकानात आला. मास्तर मागच्या खोलीतून इस्त्रीवाल्यावर ओरडत होते. तो काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, “काल लिफ्टमध्ये होता तो आवाज.” मास्तर थिजले. तो पुढे म्हणाला, “खिसा दोन दिवसांत मिळेल का?” बस्स, एवढंच. डोळा मारला नाही, हसलाही नाही.

खिसा न्यायला आला तो पुढेही येत राहिला, मास्तरांचाच झाला, आणि वर्षभर हेच. मास्तर बनियनवर बसून कांदा चिरत असले तरी तो तितक्याच प्रेमाने बघायचा आणि बाईसाहेब मोजे चढवत असल्या तरी तितक्याच प्रेमाने. मास्तरांनी परीक्षा घ्यायचं सोडलं नाही. खुर्चीवर विग ठेवून ते आरशातून बघायचे, याची नजर कुठे जाते. नजर जायची खुर्चीच्या हलणाऱ्या पायाकडे. पुढच्या खेपेला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचा आणि पाय घट्ट करून द्यायचा. “माणूस एवढा सरळ असतो का कुठे?” मास्तर ताईला विचारायचे. ताई म्हणायची, “असतो. तुला सवय नाही.”

खटकणारी गोष्ट एकच होती. तो रविवारी कधीच यायचा नाही. मधल्या वारी एखादा खास कार्यक्रम असला तर मागे उभा राहून टाळ्या वाजवायचा, पण रविवारच्या शोला नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, “रविवारी जमत नाही.” कुणाला जमत नाही, काय जमत नाही, याबद्दल ताकास तूर लागू द्यायचा नाही.

आणि मग एका संध्याकाळी, आपल्या स्वयंपाकघरात उकडलेली अंडी सोलता सोलता, लिफ्टवाला म्हणाला, “माझ्याकडे राहायला ये. कायमचा.”

मास्तरांच्या हातातलं अंडं निसटलं. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला त्यांचे कान आसुसलेले होते. स्वतःचं घर, संध्याकाळी दार उघडणारं कुणीतरी, दोन टूथब्रश. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तो म्हणाला, “फक्त रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घर मला एकट्याला लागेल. तुझा तर शो असतोच.”

“का?”

“असतं माझं काहीतरी.”

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणजे आधीपासून चुकचुकत होतीच, आता ती भिंतीवर फिरायला लागली. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले आणि राहिलेली अंडी न खाताच घरी आले.

ताईने सगळं ऐकून घेतलं. “सरळ विचार ना त्याला.”

“सरळ विचारल्यावर सरळ सांगणारा माणूस लपवेल कशाला?”

“तुझ्याशी बोलायचं म्हणजे गुंत्यात टोक शोधायचं,” ताई म्हणाली. “मला एवढंच कळतं की तुला जायचंय. मग जा. माझी काळजी करू नकोस, मला रिकामी खोली चालेल.” तिला ती चालणार नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टवाल्याचा स्वेटर कोपर सांधायला मास्तरांकडे आला. मशीनच्या दिव्याखाली बाही धरली आणि लोकरीत काहीतरी लखलखलं. चमकी. मास्तरांनी नखाने दोन कण टिपून उजेडात धरले. चमकीतलं त्यांना कळतं. बारीक असते ती गालांवर लावतात, जाड ओठांवर. ही जाड होती. आणि इतकी जाड चमकी त्यांच्या माहितीत एकच जण वापरायचं. चांदणी.

चांदणी म्हणजे त्याच हॉलमध्ये शनिवारचा शो करणारी. दिवसा मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकणारा पोरगेला तरुण, पण मेकअप चढवला की नजर हटत नाही अशी. शनिवारची गर्दी हळूहळू रविवारपेक्षा वाढत चालली होती, हे मास्तर कुणाला सांगत नसत. शिवाय तिने दोनदा विचारलं होतं, “तुमचे ते स्क्रूड्रायव्हरवाले दिसले नाहीत बरेच दिवसांत?” तिचा शो शनिवारी. म्हणजे रविवारी ती मोकळी.

तरी मास्तर गप्प राहिले. चमकी काय, लिफ्टमध्ये शंभर माणसं ये-जा करतात. पण मग एकदा लिफ्टवाल्याकडे गेले असताना झग्याच्या चेनसाठी त्यांना पक्कड हवी होती. तो अंघोळीला गेला होता. मास्तरांनी त्याची हत्यारांची पिशवी उघडली. पाने, टेस्टर, वायरची गुंडाळी, आणि सगळ्यांच्या खाली एक जांभळी गोंदाची कांडी. अर्ध्याच्या वर झिजलेली.

मास्तर तिथेच फरशीवर बसले.

ही कांडी काय करते, ते मास्तरांना विचारा. बाईसाहेब व्हायचं तर पहिलं काम भुवयांचं. पुरुषाच्या दाट भुवया जागेवर ठेवून बाईचा चेहरा होत नाही. म्हणून ही कांडी भुवईवर उलटसुलट घासायची, केस वर विंचरून चपटे करायचे, वाळू द्यायचं, परत घासायचं, असे तीनचार थर. मग पावडर दाबायची. भुवई नाहीशी. कपाळ कोऱ्या कागदासारखं सपाट होतं आणि त्यावर बोटभर वर नवी भुवई काढायची. मास्तरांच्या घरात या कांड्यांचा डबा भरलेला असायचा. त्यांच्या लेखी ही वस्तू भुवयांसाठीच जन्माला आली होती. लिफ्टवाल्याच्या भुवया तर जागच्या जागी होत्या. मग रविवारी या घरात भुवया चिकटवतं कोण?

“पक्कड सापडली का?” आतून आवाज आला.

“सापडली,” मास्तर म्हणाले. आवाज साधा ठेवायला त्यांना स्टेजवरची सगळी कमाई वापरावी लागली.

तीन रात्री त्यांना झोप लागली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं, रविवारी शोच्या आधी जायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. दोघांना एकत्र पकडायचं. मग कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही.

पण चांदणीसमोर उघड्या चेहऱ्याने जायचं? ते मास्तरांना शक्यच नव्हतं. फसवलं गेलेलं माणूस दिसायचं असेल तर निदान देखणं दिसलं पाहिजे. म्हणून रविवारी सकाळीच ते आरशापुढे बसले. भुवया चिकटवल्या, पावडर दाबली, सगळ्या चेहऱ्याला बेस लावला. इथवर आले आणि धीर सुटला. आत्ता, या क्षणी ती दोघं तिथे चहा पीत असतील. नव्या भुवया काढायच्या राहिल्या, डोळे राहिले, ओठ राहिले. पेन्सिल खिशात टाकली, टोपी कपाळावर ओढली आणि मास्तर टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याने आरशात एकदा बघितलं आणि पुढे सगळा वेळ रस्त्याकडेच बघत राहिला.

बेल वाजवताना त्यांनी पहिलं वाक्य तयार ठेवलं होतं. ते फार झोंबरं होतं आणि त्यात चांदणीच्या मोबाइलच्या कव्हरांचा उल्लेख होता. घाईत टोपी घसरली, तेवढ्यात दार उघडलं.

समोर सहा-सात वर्षांची मुलगी होती. दातांत फट, हाताला गोंद, गालावर जाड चमकी. तिने मास्तरांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून सांगितलं, “बाबा, एक काका आलेत. त्यांना भुवया नाहीयेत.”

आत टेबलावर रंगीत कागद, कात्री, चमकीची डबी आणि दोन जांभळ्या कांड्या पडल्या होत्या. जगात कुणालाही पहिल्या फटक्यात सुचलं असतं ते मास्तरांना इतके दिवस सुचलं नव्हतं. ही कांडी पोरंटोरं शाळेत वापरतात. ज्याच्या पिशवीत ती असते, त्याच्या घरी मूल असतं.

लिफ्टवाला हात पुसत स्वयंपाकघरातून आला आणि दारातच थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “हे... आपले टेलरमास्तर,” तो मुलीला म्हणाला.

मास्तरांना त्याचा चेहरा दिसलाच नाही. त्यांना फक्त ‘आपले’ ऐकू आलं. चांदणी नव्हती, कुणीच नव्हतं, होती ती ही फटीच्या दातांची पोर. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की ते न विचारताच खुर्ची ओढून बसले.

“तुमच्या भुवया कुठे गेल्या?” मुलीने विचारलं.

“इथेच आहेत. झोपल्यात.”

“कशा?”

आणि मास्तरांनी दाखवलं. तिचीच कांडी घेऊन हवेत दाखवलं, अशी घासायची, असे केस वर न्यायचे, असं वाळवायचं, असे तीन थर, की मग नटूनथटून बाईसाहेब व्हायचं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि चमच्याच्या पाठीत बघत तिच्यासमोर एक भुवई रागावलेली काढली, एक चकित झालेली. पोर हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिने एक बोट पुढे करून विचारलं, हात लावू का, आणि मास्तरांनी कपाळ पुढे केलं. इतकं निखळ, इतकं निर्धास्त त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हॉलमधल्या शंभर माणसांना हसवूनही असं वाटत नसे. लिफ्टवाला दाराला टेकून उभा होता. तो हसत नव्हता.

निघताना तो जिन्यापर्यंत आला आणि त्याने मागचं दार ओढून घेतलं.

“तिच्या आईला मी शब्द दिलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “रविवारी पोर माझ्याकडे. पण घरात दुसरं कोणी नसेल. माझं जे काही आहे ते तिच्यासमोर येणार नाही. या अटीवर एक दिवस मिळतो मला.”

“मग मला सांगितलं का नाहीस? मी रविवारी फिरकलो तरी असतो का?”

“सांगणार होतो. मग वाटलं, तू विचारशील, ती मोठी की मी.”

“मी असं विचारीन?”

“तू खुर्चीवर विग ठेवतोस आणि मी कुठे बघतो ते आरशातून बघतोस, मास्तर. मला वर्षभर दिसतंय ते.” तो रागावला नव्हता. ते जास्त वाईट होतं. “मोठ्या माणसाची परीक्षा घेतलीस तर चालतं. पोरीला मध्ये घालून कोणाची परीक्षा मला नको होती.”

मास्तरांनी टोपी पुन्हा कपाळावर ओढली आणि विचारलं, “ती आईला सांगेल?”

“ती सगळं सांगते. काय खाल्लं, काय चिकटवलं, कोण आलं.”

“मग तिला म्हण, सांगू नकोस.”

“पोरीला खोटं बोलायला शिकवू?”

मास्तरांनी मान खाली घातली. “मी येतो तुझ्याकडे राहायला,” ते म्हणाले. “रविवारी सकाळी बाहेर पडेन. तू म्हणशील तेव्हा परत येईन. काही विचारणार नाही.”

आठवड्यापूर्वी हे ऐकून त्याने मास्तरांना जिन्यातच मिठी मारली असती. आता तो फक्त “बघू” म्हणाला आणि आत गेला. त्या दुपारी बाईसाहेबांचं एक गाणं चुकलं. ताईने घरी आल्यावर कारण विचारलं, तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं आणि ते सांगताना ते रडले. ताईने त्यांना रागवायचं ठरवलं होतं, पण ती नुसतीच पाठीवरून हात फिरवत राहिली.

मंगळवारी लिफ्टवाल्याचा फोन आला. मुलीने शाळेत जायच्या आधी दोन्ही भुवया चिकटवल्या होत्या. तीन थर, सांगितले तसेच. एका बाजूला केसही निघाले होते. आईने गरम पाण्याने सोडवता सोडवता विचारलं, कोणी शिकवलं? मुलीने मोठ्या कौतुकाने सांगितलं, बाबांचे मास्तरकाका, ते रंगवलेल्या तोंडाने आले होते, ते बाईसारखे नटतात, आणि ते मला खूप आवडले.

“मग?” मास्तरांनी विचारलं.

“आई ओरडली नाही. म्हणाली, या रविवारचं कळवते.”

मास्तरांनी फोन ठेवला. पण सवय जात नाही. बुधवारी मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, हे सगळं रचलेलं तर नसेल? मला टाळायचंय म्हणून? शाळकरी पोर खरंच तीन थर लावेल? असं मनात आल्याबद्दल त्यांना स्वतःची शिसारी आली, तरी ते आलंच. गुरुवारी लिफ्टवाल्याचा फोन आला नाही. शुक्रवारी मास्तरांनी केला, त्याने उचलला नाही. त्याला जे करायचं होतं ते त्याने केलं, असं ते ताईला म्हणाले. ताई म्हणाली, “गप बस.”

रविवार उजाडला. हॉल भरला होता, चहाच्या कपांचा किणकिणाट चालू होता. बाईसाहेब हिरव्या झग्यात पडद्यामागे उभ्या होत्या आणि पडदा उघडताच नेहमीसारख्या पुढे आल्या. स्टेजवर झगझगीत उजेड असला की समोरची माणसं दिसत नाहीत, नुसत्या आकृत्या दिसतात. दर शोची सुरुवात ठरलेली होती. एकट्या बसलेल्या पुरुषाची आकृती शोधायची, बोट रोखायचं, दिवेवाला त्याच्यावर झोत टाकायचा आणि बाईसाहेब नेहमीचाच प्रश्न विचारून त्याची अशी फिरकी घ्यायच्या की तो लाजून लालेलाल व्हायचा. हे इतक्या वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी विचार करावा लागत नसे.

तिसऱ्या टेबलावर एकटा पुरुष बसला होता. बाईसाहेबांनी बोट रोखलं.

“काय हो साहेब, रविवारचे एकटेच? घरी कुणी यायचं नाही वाटतं?”

झोत पडला. इस्त्रीचा शर्ट, समोर न प्यायलेला चहा. लिफ्टवाल्याने उजेडाने दिपलेले डोळे वर केले आणि बाईसाहेबांकडे बघितलं, नेहमी बघायचा तसंच.

“नाही,” तो म्हणाला. “आता कुणी यायचं नाही.”

लोक खळखळून हसले, कारण त्या प्रश्नावर लोक नेहमीच हसतात.